हलका हात

"गाडीला हात लावायचा नाही," मेधाताई म्हणाल्या. "आणि तो 'लाव' म्हणाला, तर अजिबात लावायचा नाही."

लग्नाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मिरजेच्या कार्यालयातल्या खोलीत मी चुडा भरायला बसले होते. कासारीण माझ्या अंगठ्याखालचं हाड दाबून एकेक हिरवी बांगडी वर सरकवत होती आणि माझी होणारी नणंद कानाशी वाकून हे सांगत होती. मला वाटलं, नणंदेची थट्टा. थट्टेला थट्टेनंच उत्तर द्यावं म्हणून मी मोठ्यानं विचारलं, "का? सवत आहे का माझी?"

खोलीभर हसू पसरलं. कासारीण म्हणाली, "असली सवत बरी ग बाई. निदान ताटात जेवायला तरी बसत नाही."

मेधाताईही हसल्या, पण माझं कोपर त्यांनी सोडलं नाही. "हसून घे. पण लक्षात ठेव."

हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. त्या दाराजवळच्या खुर्चीवर जरा बाजूला बसल्या होत्या. सासरे आदल्याच वर्षी गेले होते, म्हणून त्या चुड्याच्या जवळ येत नसतील असं मी धरलं. त्यांची मनगटं अगदी मोकळी होती, एखादी पाटलीसुद्धा नाही. तेही मी त्याच कारणात धरलं. तेवढ्यात त्या कासारणीला म्हणाल्या, "जरा सैल भर. उतरवताना त्रास नको."

"अहो आई, चुडा उतरवायची गोष्ट आजच कशाला?" कासारीण म्हणाली. माझ्या आईनं पेढ्यांचं ताट फिरवायला घेतलं.

निरंजन दातांचा डॉक्टर. सांगलीत विश्रामबागेत त्याचा दवाखाना. 'डॉक्टरांचा हात हलका आहे' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते त्याच्या पाटीवरच लिहायला हवं होतं. माझ्या वडिलांची दाढ त्यानंच काढली होती. "इंजेक्शन कधी दिलं कळलंसुद्धा नाही," असं बाबा आठवडाभर सांगत होते, आणि त्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी माझी पत्रिका काढली. हात हलका, आवाज मऊ, व्यसन नाही. मी एम.ए. झालेली, चार पुस्तकं वाचलेली. मलाही याहून जास्त काही विचारायचं सुचलं नाही.

त्याची गाडी काळी होती. सासूबाईंनी म्हणे काळ्या रंगाला नाही म्हटलं होतं. "काळ्यावर सगळं दिसतं, म्हणूनच काळी," असं त्यानं त्यांना समजावलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी पार्किंगच्या पायरीवर चहा घेऊन बसले आणि त्याला गाडी धुताना बघत राहिले. खरं सांगते, बघण्यासारखंच होतं ते. दोन बादल्या. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत नुसतं. हातमोजा गाडीवरून एकदा फिरला की आधी नुसत्या पाण्यात खळखळून घ्यायचा, मगच पुन्हा साबणात. गाडीवर हात गोल फिरवायचा नाही, सरळ रेषेत न्यायचा. गोल फिरवला की बारीक ओरखड्यांची कोळिष्टकं होतात आणि उन्हात दिसतात. पुसायचं कापड जमिनीवर पडलं की ते गाडीच्या कामातून बाद. छपरापासून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी. माझ्या माहेरी स्कूटर फाटक्या बनियननं पुसायचे. हे मला देवपूजेसारखं वाटलं.

"हा बघ," त्यानं दाराच्या कडेवरचा केसाएवढा ओरखडा दाखवला. "हा जाईल."

"भरतोस कशानं?"

तो हसला. "ओरखडा भरत नाहीत, वैदू. सगळ्यांना तेच वाटतं. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं घासून खाली आणायचं. मग ओरखडा राहतच नाही."

"आणि रंग?"

"वरचा पारदर्शक थर असतो, तो थोडा पातळ होतो. दिसत नाही कोणाला."

"मी करू मदत?"

"कर की." मग त्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "पण बांगड्या?"

त्यानंच उतरवल्या. साबणाच्या पाण्यात माझी मूठ बुडवली, बोटं जुळवली आणि एकेक बांगडी अशी अलगद काढली की एकही वाढवली नाही. मला ते लाडाचं वाटलं. मी त्या पायरीवर रचून ठेवल्या आणि दोन बादल्यांमध्ये उकिडवी बसले.

मेधाताईंचं बोलणं मला आठवलंसुद्धा नाही, इतकी मी खूश होते.

पुढचं हळूहळू झालं, म्हणूनच सांगायला अवघड आहे. आधी रविवारच्या बांगड्या. मग अंगठी. मग मंगळसूत्र पाठीवर टाकायचं. मग गाडीत बसताना पर्सची साखळी नको. मग, रोज पार्किंगमधून जायचंच असतं तर रोजच हात मोकळे असलेले बरे. मी माहेरी सांगायचे, बाळाला लागतात म्हणून घालत नाही. तोपर्यंत रेवा झाली होती, त्यामुळे ते खपूनही गेलं.

निरंजननं कधी आवाज चढवला नाही. हात उगारणं तर लांबच. त्याच्या खिशात दवाखान्यातली, तोंडात बघायची छोटी टॉर्च असायची. संध्याकाळी आला की वर येण्याआधी तो गाडीभोवती ती फिरवायचा. काही सापडलं तर वर येऊन एवढंच म्हणायचा, "दाखव." मी हात पुढे करायचे. सासूबाई करायच्या. तो नखं बघायचा, तळवे बघायचा, आणि मग दोन-तीन दिवस घरात कोणी बोलायचं नाही. तसा नियम नव्हता. फक्त कोणी बोलायचं नाही.

गाडी रोज सकाळी ओल्या कापडानं पुसायचं काम सासूबाईंचं. "आईचेच हात तेवढे गाडीच्या कामाचे," असं तो कौतुकानं म्हणायचा.

मला मात्र भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती रेवाची. ती हे सगळं साधं समजेल. घर म्हणजे असंच असतं, असं धरेल. मी तिच्याकडे सतत बघत असायचे: ती बापाच्या पावलांचा आवाज ओळखते का, हसता हसता थांबते का, झोपेत मूठ उघडते का. नीट बोलायला लागायच्या आधी ती 'दाखव' म्हटलं की दोन्ही हात पालथे-उलथे करून दाखवायला शिकली होती. आवटीकाकू, आमच्या वरच्या मजल्यावरच्या, त्या तर तिला मुद्दाम म्हणायच्या, "दाखव ग बाई हात." आणि टाळ्या पिटायच्या.

रेवा तीन वर्षांची असतानाचा दसरा.

सकाळीच गाडी धुऊन झाली होती. निरंजननं बॉनेटवर पारदर्शक फिल्मचा एक चौकोन चिकटवला होता. हळद-कुंकू आणि स्वस्तिक त्या चौकोनातच. झेंडूच्या माळेतली तार काढून दोरा ओवला होता. नारळ गेटपाशी वाढवायचा, कारण पाण्याचे शिंतोडे वाळले की डाग राहतात.

"डॉक्टर, देवालासुद्धा ग्लोव्हज घालायला लावलेत की," आवटीकाकू जिन्यातून म्हणाल्या.

"देव कुठे धुवायला येणार आहे, काकू?" तो म्हणाला, आणि सगळे हसले. तो विनोद चांगले करायचा.

नवरात्रात कासारीण दारावर आली होती. मी हौसेनं दोन्ही हात भरून घेतले होते, रेवालाही चिमुकल्या बांगड्या भरल्या होत्या. मी औक्षणाचं ताट घेऊन पुढे झाले. आईंसमोर आणि चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे.

"वैदू," तो हळूच म्हणाला, "उतरव ना."

"अहो, औक्षण करायचंय. सणाच्या दिवशी मोकळ्या हातांनी?"

"गाडीला काय कळतंय." आवाज अगदी मऊ. कोणाला वाटावं, तो मला फूल माळ म्हणतोय.

मी ताट खाली ठेवलं आणि बांगड्या उतरवल्या. ठेवायला जागा बघत होते तेवढ्यात सासूबाईंनी पदर पुढे केला. त्यांनी त्या पदरात घेऊन गाठ मारली आणि गाठ कमरेला खोचली. आवटीकाकूंनी माझ्या मनगटांकडे एकदा पाहिलं आणि मग झेंडूंकडे बघत राहिल्या.

रेवा खणाचं परकर-पोलकं घालून पार्किंगच्या पांढऱ्या पट्टीमागे उभी होती. तिथून पुढे यायचं नाही, हे तिला माहीत होतं. मधूनमधून वाकून ती आपली बोटं पट्टीला लागत नाहीत ना ते बघत होती आणि पाय मागे घेत होती.

पूजा झाली. मी वर येऊन पुऱ्या लाटायला घेतल्या. सासूबाई रेवाला घेऊन वॉचमनला प्रसाद द्यायला पुन्हा खाली गेल्या आणि जरा वेळानं परत आल्या. जेवणं झाली. निरंजननं श्रीखंड मागून घेतलं, पानाचा विडा खाल्ला, आणि फिल्म काढायला खाली गेला.

थोड्या वेळानं त्याचा फोन. "सगळ्या जरा खाली या. गडबड नाही."

गाडीच्या मागच्या दारावर, खालच्या बाजूला, ओरखडा होता. लहानसा, वाकडा, एका जागी वळलेला. माझ्या गुडघ्याच्या जरा वर. तो कोणाच्या उंचीला येतो हे मला बघताक्षणी कळलं. निरंजन गाडी धुताना बसायच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. टॉर्च चालू होती, भर दुपारी.

"दाखवा," तो म्हणाला.

मी हात पुढे केले. सासूबाईंनी केले. मग मी रेवाला बघायला वळले, तर ती मागे नव्हती.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी होती. तिनं बांगड्या काढून पायरीवर ओळीनं मांडल्या होत्या. त्यांच्या पुढे पैंजण. त्यांच्या पुढे केसांतल्या दोन क्लिपा. आता पोलक्याची पुढची हुकं सोडवत होती. एक हुक तिला निघत नव्हतं. कोणी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनं ते हुक सोडवलं, पोलकं काढून पायरीवर घडी घालायचा प्रयत्न केला, आणि उघडी, नुसत्या परकरावर, पांढऱ्या पट्टीपाशी येऊन उभी राहिली. हात पालथे-उलथे केले.

"मी सगळं काढलं, बाबा," ती म्हणाली. "आता जवळ येऊ?"

निरंजनचा चेहरा फुलला. इतका खरा आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिलाय. "ये," तो म्हणाला. "शहाणी माझी बाई. बघ वैदू. हिला सांगावं लागत नाही."

तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. त्यानं तिची बोटं एकेक करून पाहिली, टॉर्च धरून.

"माझ्याकडून झालं ते," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं वर पाहिलं. "आई, तुझ्या हातात आहे काय लागायला?"

"नख लागलं. कापड फिरवताना."

"कापड सकाळी फिरवलंस. सकाळी नव्हतं हे."

"मग प्रसाद द्यायला आले तेव्हा. धूळ दिसली म्हणून बोटानं काढली."

"बोटानं." त्यानं तो शब्द जरा वेळ तोंडात धरला. मग रेवाला माझ्याकडे दिलं, उठला, आणि स्टूल आईपुढे सरकवलं. "बस."

गाडीच्या पुढच्या कप्प्यात त्याचं नेलकटर असायचं. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, त्यांचा उजवा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि नखं कापायला लागला.

माझ्या सासूबाई दिवेलागणीनंतर केर काढू द्यायच्या नाहीत. शनिवारी तेल विकत आणू द्यायच्या नाहीत. सणावाराला नखं कापलेली त्यांना चालायची नाहीत. एकदा मी पाडव्याला रेवाचं वाढलेलं नख कापायला घेतलं तर त्यांनी कात्री काढून घेतली होती. त्या दसऱ्याच्या दुपारी पार्किंगमध्ये स्टुलावर बसून राहिल्या आणि एक हात झाला की दुसरा पुढे करत होत्या.

"हलू नको, आई."

"नाही हलत."

वरून आवटीकाकूंनी पाहिलं. गॅलरीतून आत कोणाला तरी म्हणाल्या, मला स्वच्छ ऐकू आलं, "बघा. असा मुलगा पाहिजे. आईची नखं कापतोय स्वतः."

तो थांबला नाही. पांढरं संपलं तरी थांबला नाही. घाई नाही, जोर नाही, दाताच्या मुळाशी काम करावं तसं. मधल्या बोटाच्या कडेला रक्ताची रेघ आली. त्यानं खिशातून रुमाल काढून ती टिपली. गाडी पुसायचं मऊ कापड त्याच्या हाताशीच पडलं होतं, ते त्यानं घेतलं नाही.

"झालं," तो म्हणाला. "आता नाही लागणार."

रेवा माझ्या खांद्यावरून सगळं बघत होती. मी तिचं डोकं वळवायचा प्रयत्न केला. तिनं मान ताठ धरली.

वर आल्यावर मी तिला पोलकं घातलं आणि गॅलरीच्या दाराशी खेळायला बसवलं. सासूबाई स्वयंपाकघरात वाटीत हळद कालवून बोटं बुडवून बसल्या होत्या.

"आई, ते तुमचं नख नव्हतं."

"असू दे."

"तुम्ही त्याला काही बोलत का नाही?"

त्यांनी एक बोट वर काढून पाहिलं, पुन्हा बुडवलं. "हे गेले तेव्हा बायका आल्या होत्या. रीत करायला. तू तेव्हा नव्हतीस. मला पाटावर बसवलं, दोघींनी माझे हात धरले. आणि एकमेकींकडे बघत राहिल्या." त्या थांबल्या. "वाढवायला हातात काही नव्हतंच."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे, आधीपासूनच?"

"अँबॅसिडर होती ह्यांची. पांढरी. मेधा पोटात होती तेव्हा उतरवल्या. म्हणाले, एवढी गाडी पुसून होईपर्यंत. मग रोज पुसायचीच असायची." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगावं तसा आवाज. "मेधानं तुला सांगितलं होतं ना?"

"मला थट्टा वाटली."

"मलाही वाटली असती." त्यांनी हात पदराला पुसले, पदरावर पिवळे डाग पडले, आणि कमरेची गाठ सोडवून माझ्या बांगड्या ओट्यावर ठेवल्या. "आज दसरा आहे. मिरजेला सोनं द्यायला जाते म्हण. आज कोणी अडवत नाही. पोरीचे दोन फ्रॉक पिशवीत तळाला घाल, वर आपट्याची पानं."

"तुम्ही पण चला."

"मी आले की तो शोधत येईल."

"मी गेले तरी येईल."

"नाही यायचा. गाडी पुसायला एक जण हाताशी असलं की हे लोक शोधायला निघत नाहीत." मग मी बांगड्या उचलल्या तशा म्हणाल्या, "आत्ता घालू नको. गाडीशेजारून जायचंय."

खाली निरंजन मागच्या दारापाशी बसून पॉलिश करत होता. त्या लहानशा वाकड्या रेघेभोवती त्यानं कागदी टेपनं चौकोन आखून घेतला होता आणि चौकोनाच्या आतलं सगळं घासत होता.

"सोनं द्यायला?"

"हो. आई-बाबांना."

"सोडू?"

"तुझं काम चाललंय ना. रिक्षानं जाते."

"लवकर ये."

रेवानं पिशवीतून आपट्याचं एक पान काढलं, दुसऱ्या हाताचं मनगट तपासून पाहिलं, आणि बापापुढे धरलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." त्यानं पान घेतलं, कपाळाला लावलं, खिशात ठेवलं. तो वाईट बाप होता असं कोणी म्हणणार नाही. मीच कित्येकदा म्हणू शकले नाही.

रिक्षा मिरज रस्त्याला लागल्यावर रेवा म्हणाली, "आई, बाबा चिऊ पुसणार?"

"कुठली चिऊ?"

"मी काढली. दारावर, बांगडीनं. एकच पंख झाला, मग आजी आली." ती बाहेर बघत होती. "आजी म्हणाली, कोणी विचारलं तर ती चिऊ आजीची."

मी पर्समधून बांगड्या काढून घालायला लागले. घाईत एक वाढवली. रेवानं माझं मनगट धरलं. "आई, नको. लागेल."

"कोणाला लागेल, राणी?"

"रिक्षाला."

त्या रात्री मी परत गेले नाही. नंतरही नाही. माझ्या आईनं पहिला प्रश्न विचारला, "मारलं का त्यांनी?" नाही. "दुसरी कोणी?" नाही. "मग?" वकीलबाईंनीही तेच विचारलं, फक्त पेन हातात धरून. मी म्हटलं, त्यानं आईची नखं कापली. त्यांनी ते लिहिलं नाही. बाबा बरेच दिवस म्हणत राहिले, "पण इतका हलका हात आहे त्यांचा." त्यांची दुसरी दाढ दुखत होती, ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटलं.

निरंजन खरंच शोधत आला नाही. कागदांवर सह्या त्यानं मुकाट्यानं केल्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, तसंच झालं.

मी आता कोल्हापुरात शिकवते. रेवा दुसरी संपवून तिसरीत गेलीय, वर्गात बोलते, भांडते, मारामारीही करते. बाई तक्रार करतात आणि मी मनातून खूश होते. पण कोणाला मिठी मारायच्या आधी अजूनही ती क्षणभर आपल्या मनगटांकडे बघते. तेवढा क्षण मी मोजत नाही, पण चुकवतही नाही.

मेधाताई रायपूरला असतात. त्या दर आठवड्याला सासूबाईंना फोन करतात. आई म्हणतात, "मी बरी आहे. सकाळी गाडी पुसते, तेवढाच व्यायाम." फोन स्पीकरवर असतो, आणि मागून निरंजनचा आवाज येतो, "सांग तिला, आई, गोळ्या वेळेवर घेतेस म्हणून." मेधाताईंशी तो वर्षानुवर्षं बोलत नाही, आणि त्या आल्या तर हॉटेलात उतरून दारातून परत जातात. मी स्वतः दोनदा गेले. पहिल्यांदा त्यानं हसून दार उघडलं, मला पाणी विचारलं आणि म्हणाला, आई झोपलीय. दुसऱ्यांदा दार उघडलं नाही. आतून वाटी ठेवल्याचा आवाज आला. आवटीकाकू मुलाकडे बंगळुरूला गेल्या. त्या असत्या तरी त्यांनी कौतुकच केलं असतं.

म्हणून हे लिहिलंय. तुमच्यापैकी कोणी विश्रामबागेत राहत असेल, तर 'शर्वरी' नावाची चार मजली इमारत तुमच्या पाहण्यात असेल. पार्किंगमध्ये शेवटच्या खांबाशी काळी गाडी असते. आता ती जुनी झाली असेल, पण तुम्हाला नवीच वाटेल. सकाळी तिच्यापाशी एक म्हातारी बाई सरळ रेषेत हात फिरवत असेल. गाडी छान ठेवलीय असं म्हणू नका. मुलगा कसा आहे असं विचारू नका, त्या चांगलाच म्हणतील. येत्या दसऱ्याला आपट्याचं पान घेऊन वर जा. कोणी दार उघडलं तर सोनं द्यायला आलो म्हणा. त्या दिवशी कोणी अडवत नाही. पान त्यांनाच द्यायचंय म्हणा. त्या घ्यायला हात पुढे करतील. तेव्हा तो हात धरून ठेवा, आणि बोटं बघा.